सी भरला, डी रिकामा

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की आमच्या देवपुरात घराघरांतून जो धुरळा उडतो तो पाहण्यासारखा असतो. माळ्यावरची पितळी भांडी खाली उतरतात, गाद्या उन्हात पडतात, बंद पडलेल्या पंख्याचे आणि कडी तुटलेल्या ट्रंकेचे काय करायचे यावर नवराबायकोचे मतभेद होतात आणि बहुधा त्या दोन्ही वस्तू पुसून पुन्हा माळ्यावर जातात. रद्दीवाल्याच्या हातगाडीला या दिवसांत उसंत नसते. एवढी सगळी झाडलोट होते. पण घरातली एक कोठी मात्र कोणी उघडून पाहत नाही. ती लॅपटॉपच्या पोटात असते आणि तिला ‘सी ड्राइव्ह’ म्हणतात.

ही कोठी भरत आली की लक्षणे दिसू लागतात. सकाळी बटण दाबल्यावर चहा होतो, पिऊनही संपतो, तरी पडदा उजळत नाही. लिहिलेले सेव्ह करताना यंत्र कुरकुरते. विंडोजचा अपडेट अर्ध्या वाटेवर थांबतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. छापायला दिलेले पान प्रिंटरपर्यंत पोचत नाही, कारण छापण्यापूर्वी त्या पानाची तात्पुरती नक्कल ठेवायलाही सीवरच जागा लागते. ‘धिस पीसी’ उघडून पाहावे तो सीच्या नावाखालची निळी पट्टी लाल झालेली असते. एकूण जागेचा दहावा हिस्साही मोकळा उरला नाही की ती लाल होते. आणि शेजारीच डी ड्राइव्हची पट्टी पाहावी तर जवळजवळ कोरी! माजघरात पाय ठेवायला जागा नाही आणि परसातली खोली ओस, असा हा प्रकार.

असे का होते, तर लॅपटॉप विकत घेतो तेव्हाच ही वाटणी झालेली असते. काही दुकानदार एकाच डिस्कचे दोन भाग करून देतात. सीला शंभर जीबी, उरलेले सारे डीला. दुसरा प्रकार पाच-सात वर्षांपूर्वी फार खपला. त्यात एक लहान पण चपळ एसएसडी असते, १२८ जीबीची, आणि जोडीला फिरत्या तबकड्यांची एक टेराबाइटची मोठी डिस्क. विंडोज चपळ डिस्कवर, म्हणजे सीवर. मोठी ती डी. जाहिरातीत दोन्हींची बेरीज ठळक छापलेली, त्यामुळे गिऱ्हाइकाला वाटते की आपल्या पदरात अकराशे जीबी पडले. पडलेलेही असतात. पण यंत्र आपणहून जे काही ठेवते ते सीवर ठेवते, आणि ‘कुठे ठेवू?’ असे त्याने कधी विचारलेच, तर ते सुचवील तिथे ‘ओके’ म्हणून आपण मोकळे होतो.

माझ्या पुतण्याचा लॅपटॉप या दुसऱ्या जातीचा. मुलगा वाणिज्य शाखेत शिकतो. गेल्या चैत्रात त्याचे यंत्र असे काही हटून बसले की त्याने ते उचलून एका दुकानात नेले. दुकानदाराने दोन-चार बटणे दाबली, मान हलवली आणि निदान सांगितले. बॅग घ्यायला घरी आला तेव्हा पुतण्या मला म्हणाला,

“काका, फॉरमॅट मारावं लागेल म्हणतो. संध्याकाळपर्यंत देतो म्हणाला. डीला हात लावणार नाही, फक्त सी साफ करणार.”

“आणि आत्याची गाणी?”

“ती डेस्कटॉपवर आहेत ना! सीमध्ये माझं काहीच नाही.”

मी तसाच चपला घालून त्याच्याबरोबर दुकानात गेलो आणि लॅपटॉप परत घेऊन आलो.

‘सीमध्ये माझं काहीच नाही’ हे वाक्य मी त्याआधीही पुष्कळांच्या तोंडून ऐकले होते. शिकल्यासवरल्या, बँकेत नि शाळांत काम करणाऱ्या मंडळींच्या तोंडून. डेस्कटॉप म्हणजे लॅपटॉप उघडल्याबरोबर समोर दिसणारा तो पडदा. तो समोर दिसतो म्हणून आपल्याला वाटते की तो घराचा ओटा आहे, कोठीच्या बाहेरचा. तसे नाही. तो सीच्याच आत, ‘यूजर्स’ नावाच्या कप्प्यात, आपल्या नावाच्या कप्प्यात ठेवलेला एक साधा फोल्डर आहे. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स हेही तिथलेच. आपण मुद्दाम हलवले नसतील तर सारे सीचेच रहिवासी. म्हणजे माणूस आपली सर्वांत जिव्हाळ्याची वस्तू हाताशी असावी म्हणून डेस्कटॉपवर ठेवतो, आणि सी फॉरमॅट केला की नेमकी तीच सर्वांत आधी जाते.

आता आत्याविषयी थोडे सांगायला हवे. आत्या साक्री तालुक्यातली, वय ऐंशीच्या पुढे. आमच्या खानदेशात श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. पुण्या-मुंबईच्या वाचकांना हा सण ठाऊक नसेल. नारळाची देवी करतात, तिला दागिने घालून चौरंगावर बसवतात, भाऊबंद एकत्र येऊन रोट करतात, रात्र गाण्यांनी जागवतात आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर विसर्जन करतात. ती गाणी अहिराणीतली. आत्याला त्यांतली किती येत होती याचा हिशेब तिलाही नव्हता. दोन श्रावणांत पुतण्याने फोनवर तिचा सुमारे चार तासांचा आवाज टिपला आणि लॅपटॉपवर उतरवून ठेवला. दुसऱ्या वर्षी त्या यंत्राकडे बोट दाखवून ती म्हणाली होती, “यान्हामा इतलं काय भरेल शे रे? मन्हा आवाज बी शे का?” पुढच्या पौषात ती गेली. पुतण्याने मध्यंतरी फोन बदलला होता. म्हणजे चार तासांचा तो आवाज जगात एकाच ठिकाणी होता. आणि ते ठिकाण संध्याकाळपर्यंत साफ करून मिळणार होते.

त्या रात्री आम्ही दोघे तो लॅपटॉप उघडून बसलो. पहिले काम केले ते गाणी एका पेन ड्राइव्हवर उतरवून घेण्याचे. ते झाल्यावर सी कशाने भरला याचा जमाखर्च मांडायला घेतला.

जमाखर्चाआधी पुतण्याच्या एका शंकेचे निरसन. डबीवर १२८ लिहिलेले, यंत्र मात्र ११९ दाखवते. नऊ जीबी कोणी खाल्ले? कोणीच नाही. आपल्याकडे जसा कच्चा शेर आणि पक्का शेर होता, तशीच ही गोष्ट. बनवणारा एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतो; विंडोज १०२४ च्या पटीने मोजते, म्हणजे तिचा जीबी सुमारे सात टक्क्यांनी मोठा. माल तेवढाच, माप वेगळे. पुतण्याला शेर म्हणजे काय हे आधी सांगावे लागले, ते निराळे.

आणि ‘सी’च का? ‘ए’ आणि ‘बी’ कुठे गेले? १९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी निघाला तेव्हा त्यात फ्लॉपी घालायची एक किंवा दोन तोंडे असत. ती ए आणि बी. १९८३ साली ‘एक्सटी’ आला, त्याच्या पोटात दहा मेगाबाइटची हार्ड डिस्क होती, तिला पुढचे अक्षर मिळाले. फ्लॉप्या काळाच्या पडद्याआड गेल्या; पण ए-बी ही अक्षरे आजही बहुधा मोकळीच राहतात. त्याच्याही मागे जायचे तर १९५६ साल गाठावे लागते. त्या वर्षी आयबीएमने ‘रामॅक’ नावाचे यंत्र काढले. त्याच्या डिस्कच्या कपाटात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, वजन टनाहून अधिक, आणि त्यात मावत होती पन्नास लाख अक्षरे. भाडे महिना ३२०० डॉलर. आजच्या फोनने काढलेला एखादा मोठा फोटो त्या कपाटात मावला नसता. असो.

आता जमाखर्च. ११९ जीबीपैकी विंडोजचे स्वतःचे २७. त्याला इलाज नाही. विंडोज ११ बसवायला ६४ जीबीची डिस्क ही कमीत कमी अट म्हणून कंपनीच सांगते. मग ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाचा एक फोल्डर निघाला, तो २२. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हापासून घरोघरी ११ बसवणे चालू आहे. नवी विंडोज बसली की जुनी बिचारी बाजूला उभी राहते. पसंत पडली नाही तर परत फिरता यावे म्हणून. दहा दिवसांनी यंत्र तिला आपणहून निरोप देते. पुतण्याने अपडेट करून आठवडाच झाला होता. म्हणजे आणखी तीन-चार दिवस नुसती कळ काढली असती तरी लाल पट्टी पुष्कळशी निळी झाली असती! फॉरमॅटची भाषा करणाऱ्याने एवढे तरी पाहायला हवे होते.

पुढे यंत्राच्या झोपेची फाइल. लॅपटॉप ‘हायबरनेट’ करतो तेव्हा स्मृतीत असलेले सारे डिस्कवर लिहून ठेवायला तो जागा राखून ठेवतो. रॅमच्या सुमारे ४० टक्के. रॅम आठ जीबी, म्हणजे तीन जीबी इथे गेले. स्मृती अपुरी पडली तर वापरायची दुसरी एक फाइल असते, तिचे पाच. या दोन्ही फाइली लपलेल्या असतात, म्हणून फोल्डरांची बेरीज करणाऱ्याचा हिशेब कधी जुळत नाही. कार्यक्रम आणि खेळ १९. व्हॉट्सॲपचे ११. डाउनलोड्समध्ये १६, त्यात परीक्षेचा एकच अर्ज सात वेळा उतरवलेला, आणि कुठल्याशा चित्रपटाचे दोन भाग, ज्यातला पहिला भाग नव्हताच. फोनवरून आलेले फोटो आणि वरातींचे व्हिडिओ १३.

आणि आत्याची चार तासांची गाणी? पाव जीबीही नाहीत.

मी मराठीचा मास्तर, मला या आकड्याने झोप येईना. दुसऱ्या दिवशी कागद घेऊन एक हिशेब केला. संगणकात आपली देवनागरी ज्या रीतीने साठवतात तीत एकेका खुणेला तीन बाइट लागतात. इंग्रजी अक्षराला एकच. ‘क’ला तीन, त्याला वेलांटी दिली की आणखी तीन. म्हणजे मराठी तिप्पट जड. तरीसुद्धा अख्ख्या ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्या घेतल्या, आणि एका ओवीत काना-मात्रा, वेलांट्यांसह पाऊणशे खुणा धरल्या, तर सारा ग्रंथ होतो दोन मेगाबाइटच्या आसपास. आजच्या फोनने काढलेला आमच्या गच्चीवरच्या जास्वंदीचा फोटो तीन-चार मेगाबाइटचा. फोनवर टिपलेला एक मिनिटाचा स्वच्छ व्हिडिओ शंभर मेगाबाइटच्या घरात. म्हणजे वरातीतल्या डीजेपुढचे एक मिनिट बरोबर पन्नास ज्ञानेश्वऱ्या! आत्याने ऐंशी वर्षे सांभाळलेली गाणी त्याच मापाने मोजली तर सव्वादोन-अडीच मिनिटांची वरात.

तेव्हा डिस्क भरली असे म्हणतो तेव्हा ती आपल्या लिहिण्याने, आपल्या शब्दांनी सहसा भरलेली नसते. प्राध्यापकांच्या लॅपटॉपवर चित्र जरा वेगळे असते एवढेच. आम्हांला मूल्यांकनासाठी प्रत्येक कार्यक्रमाचे फोटो लागतात, तेही ठिकाणाच्या अक्षांश-रेखांशांसह. वृक्षारोपणाचे रोप जगो न जगो, त्याचे चाळीस फोटो मात्र तीन-तीन फोल्डरांत जिवंत असतात.

सकाळच्या शुभेच्छांचा विषय टाळून चालायचा नाही. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने एक गमतीदार बातमी छापली होती. भारतातल्या लोकांचे फोन इतके का तुंबतात याचा शोध गूगलची माणसे घेत होती, आणि उत्तर निघाले गुलाबाची फुले, उगवता सूर्य आणि ‘गुड मॉर्निंग’! डिस्क बनवणाऱ्या वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या हवाल्याने त्यात म्हटले होते की भारतात तीन फोनधारकांपैकी एकाची जागा रोज संपते, अमेरिकेत दहांतल्या एकाची. मग अशी चित्रे हुडकून काढणारे एक ॲपच गूगलने काढले. फोनवर हा केर निदान दिसतो. लॅपटॉपवर व्हॉट्सॲप लावले की त्याचा गठ्ठा सीच्या अशा आडकोनात साठतो की घरधन्याला त्याचा पत्ताही नसतो. वडीलधाऱ्यांनी प्रेमाने पाठवलेल्या शुभेच्छा पुसून टाकणे जिवावर येते, हे मला कबूल आहे. पण त्यांनी स्वतः लिहिलेली दोन ओळींची खुशाली आणि बाजारातून आलेला सूर्योदय यांत फरक करायला हरकत नसावी.

आता साफसफाईचे. मी कोणी तंत्रज्ञ नव्हे. पण गेल्या काही वर्षांत कॉलेजातल्या नि गल्लीतल्या बऱ्याच लॅपटॉपांची लाल पट्टी निळी करून दिली आहे, त्यावरून सांगतो. पुसायला सुरुवात करण्यापूर्वी जे पुन्हा मिळणार नाही ते बाहेर काढून ठेवावे. त्यानंतर ‘सेटिंग्ज’, तिथून ‘सिस्टिम’, तिथून ‘स्टोरेज’ अशा क्रमाने गेले की कोणत्या गोष्टीने किती जागा धरली ते यंत्रच दाखवते. तिथे ‘टेम्पररी फाइल्स’ नावाची यादी निघते. जुन्या अपडेटांची उरलीसुरली पोटली, रिसायकल बिन, लघुचित्रे, हे सारे बिनधास्त काढावे. जुनी विंडोजही तिथूनच काढता येते. नवी नीट चालते आहे याची खात्री झाल्यावर मात्र, कारण मग परत फिरता येत नाही. त्याच यादीत ‘डाउनलोड्स’ हेही नाव असते, तिथे हात आवरावा. ती तात्पुरती वस्तू नव्हे. लोकांचे पॅनकार्ड, शाळेचे दाखले, सात-बाराचे उतारे, सारे तिथेच पडलेले असते. एकेक पाहून, डीवर नेऊन मगच तिथली झाडलोट करावी. आणि सीच्या आत विंडोज नावाच्या फोल्डरात शिरून ‘हे एवढे मोठे काय आहे?’ म्हणून हाताने पुसायला तर मुळीच जाऊ नये. तिथे ‘विनएसएक्सएस’ नावाचा एक दांडगा फोल्डर दिसतो, तो पाहून पुष्कळांचे हात शिवशिवतात. तो काढला तर यंत्र उभेच राहणार नाही.

कोणी म्हणेल, डी एवढा रिकामा आहे, तर मधली भिंत सरकवा की! भिंत सरकते, पण तिला अटी आहेत. सी आणि डी एकाच डिस्कचे भाग असले पाहिजेत, आणि मोकळी जागा सीला अगदी खेटून असली पाहिजे. म्हणजे बहुतेक वेळा आधी डी उठवूनच ती मिळते. आमचे धुळे गल्ल्यांच्या आकड्यांनी ओळखले जाते. १८१९ साली कॅप्टन ब्रिग्जने ते खानदेशाचे ठाणे केले आणि सरळ रस्त्यांचे नवे गाव आखले. गल्ली नंबर अमुक, हा तिथला पत्ता. तिथे चौथ्या गल्लीतल्या घराला पाचव्या गल्लीतली खोली जोडून मिळेल का? पुतण्याच्या यंत्रात तर डी ही वेगळीच डिस्क होती, पांझरेच्या पलीकडच्या काठावर म्हणा ना. तेव्हा भिंत नाही, सामान हलवावे लागते. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स यांसारख्या फोल्डरांवर उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘लोकेशन’ बदलता येते; नवे येणारे सामान कुठे ठेवायचे हेही सेटिंग्जमध्ये एकदा सांगून ठेवता येते.

पण हे हलवणेही डोळे उघडे ठेवून करावे. २ ऑक्टोबर २०१८ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा एक मोठा अपडेट सोडला, आणि काही लोकांच्या फाइली अचानक नाहीशा झाल्या. कोणाच्या? तर ज्यांनी जागेच्या अडचणीपायी किंवा सोयीसाठी डॉक्युमेंट्ससारखे फोल्डर दुसऱ्या ठिकाणी नेले होते, पण जुन्या जागेवरच्या फाइली मागेच राहू दिल्या होत्या, अशांच्या. पत्ता बदलला आहे, म्हणजे जुने बिऱ्हाड रिकामेच असणार, अशा समजुतीने अपडेटने ते जुने फोल्डर आतल्या सामानासकट पुसले. आठवडा संपायच्या आत कंपनीला तो अपडेट मागे घ्यावा लागला आणि दुरुस्त करून १३ नोव्हेंबरला पुन्हा सोडावा लागला. तक्रार आली ती दहा हजारांतून एकाची, असे कंपनीने सांगितले. ज्या घरातले गेले त्या घरात तो हिशेब काय कामाचा! म्हणून ‘लोकेशन’ बदलताना यंत्र विचारते, ‘जुन्या फाइलीही नेऊ का?’ तिथे होय म्हणावे, आणि जुन्या जागी काही राहिले का ते एकदा स्वतः जाऊन पाहावे.

आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. जुन्या, फिरत्या डिस्कवरून पुसलेली फाइल पुष्कळदा परत काढता येत असे. कारण पुसणे म्हणजे अनुक्रमणिकेतले नाव खोडणे, पान जागेवर असे. एसएसडीचे तसे नाही. ती मोकळी झालेली जागा पुढच्या लिखाणासाठी लगेच कोरी करून ठेवते. तिच्यावरून गेलेले बहुधा गेलेच. पुतण्याचा सी एसएसडीवर होता. संध्याकाळी सहा वाजता गाण्यांची आठवण झाली असती तर कोणीही काही करू शकले नसते.

जागा करण्यासाठी जुने काढून टाकणे ही काही लॅपटॉपने आणलेली रीत नव्हे. आमच्या धुळ्याला हे निराळे सांगायला नको. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे याच गावी ३१ डिसेंबर १९२६ रोजी वारले. जन्मभर ते गावोगाव हिंडले ते कशासाठी? वाड्यांच्या माळ्यांवर, पोत्यांत, वाळवीच्या तोंडी पडलेल्या कागदांसाठी. त्या कागदांच्या मालकांना ती अडगळ वाटत होती. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला आणि पुढे तिचे बावीस खंड झाले, ते त्या अडगळीतून. त्यांच्या मागे १९२७ साली धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले आणि त्यांचा संग्रह तिथे सांभाळला गेला. ज्या माळ्यांवर राजवाडे पोचण्याआधी दिवाळीची झाडलोट पोचली असेल, तिथे काय होते हे आता कळायला मार्ग नाही.

आणि जळगावाजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी. त्यांना लिहिता येत नव्हते. शेतात, घरात काम करताना त्या रचत गेल्या. मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर यांनी जमेल तेवढे उतरवून घेतले. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली. उतरवून घेतली तेवढीच आली. ते बाड संगणकावर चढवले तर काही शे किलोबाइटही भरणार नाही. पण ते होते म्हणून खानदेशची ही बाई आज महाराष्ट्राच्या घराघरांत आहे आणि आमच्या विद्यापीठाला २०१८ पासून तिचे नाव आहे.

पुतण्याच्या यंत्राचे काय झाले ते सांगून टाकतो. जुनी विंडोज गेली, व्हॉट्सॲपचा गठ्ठा गेला, चित्रपटाचे ते दोन भाग गेले, वरातींचे व्हिडिओ डीवर गेले. सीवर पंचावन्न जीबी मोकळे झाले. फॉरमॅट लागले नाही, पैसेही नाहीत. गाणी आम्ही डीवरही ठेवली. पण दोन्ही डिस्क एकाच डबीत, लॅपटॉप चोरीला गेला किंवा पाण्यात पडला तर दोन्ही एकदम जायच्या, तेव्हा ती दुसरी प्रत म्हणून धरली नाही. एक बाहेरची डिस्क आणली, ती माझ्या कपाटात आहे. एक प्रत जळगावला बहिणीकडे पेन ड्राइव्हवर धाडली. पण नुसते पडून राहिलेले पेन ड्राइव्ह वर्षानुवर्षे भरवशाचे नसतात, म्हणून दर दिवाळीला ते लावून पाहायचे असे तिला बजावले आहे. शिवाय गूगलवर फुकट मिळणाऱ्या पंधरा जीबीतही गाणी सहज मावली.

आता उन्हाळ्यापासून आम्ही ती लिहून काढतो आहोत. पुतण्या कानात यंत्र घालून ऐकतो, मी लिहितो. साठावर गाणी झाली. सारी मिळून सव्वाशे किलोबाइट. एका गाण्याच्या तिसऱ्या कडव्यात, नेमकी ओळ संपताना, मागे स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आहे आणि आत्याचा एक शब्द त्यात बुडाला आहे. श्रावणात गावी गेलो तेव्हा तो तुकडा दोन म्हाताऱ्यांना ऐकवला. दोघींनी दोन शब्द सांगितले, आणि त्यावरून त्यांचे बरेच कडाक्याचे भांडण झाले. आम्ही दोन्ही लिहून ठेवले आहेत.